डेट्रिटस वर्म (फिश टँकमधले पांढरे कृमी)

घरच्या फिश टँकच्या खडीत, स्पंज फिल्टरमधे, काचेच्या खालच्या कडेला केसासारखे बारीक पांढरट किंवा फिक्कट गुलाबी कृमी वळवळताना दिसतात, त्यांना हौशी लोक डेट्रिटस वर्म म्हणतात. ही एकच जात नाही. नाइस, डेरो, प्रिस्टिना अशा बऱ्याच प्रजाती या एका नावाखाली येतात, आणि सगळे ॲनेलिडा संघातले, म्हणजे गांडुळाचेच पाण्यातले भाऊबंद. आपल्याकडे सरसकट 'जंत' म्हणून मोकळे होतात आणि त्या शब्दानंच माणूस घाबरतो, खरं तर जंत माशाच्या पोटात राहतो, हे गाळात राहतात, माशाचं उरलेलं खाणं आणि विष्ठा खातात.

कुळाबद्दल मात्र बराच घोळ आहे. नाइस हे नाव डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्युलरनं १७७३-७४ च्या सुमारास वापरलं. प्राणिशास्त्रज्ञ स्टीफन्सननं १९२३ मधे भारतातल्या या गटाचं वर्णन केलं तेव्हा नायडिडी आणि ट्युबिफिसिडी अशी दोन वेगळी कुळं धरली होती. पुढं डीएनएच्या अभ्यासात दिसलं की नायडिडी ही ट्युबिफिसिडीच्या आतलीच एक फांदी आहे, मग २००७-०८ च्या सुमारास दोन्ही एक करून नायडिडी हे नाव राहिलं. जुन्या पुस्तकांत अजून दोन कुळं दिसतात, पण नवी मांडणी जास्त पटते, माशांना खायला घालतात तो लाल ट्युबिफेक्ससुद्धा आता याच कुळात येतो. नाइससारख्या प्रजातींत शरीराच्या मधेच नवं डोकं तयार होतं आणि मागचा भाग सुटून वेगळा कृमी होतो, म्हणून एखादा जरी टँकमधे आला तरी खाणं भरपूर असलं की थोड्या दिवसांत शेकडो होतात.

येतात कुठून यावर दोन मतं आहेत, काहीजण जिवंत ट्युबिफेक्सला दोष देतात, काही नवीन झाडं आणि दुसऱ्याच्या टँकमधली खडी म्हणतात. झाडांच्या मुळांत गाळ अडकलेला असतो, त्यामुळं दुसरंच जास्त संभवतं.

ओळखताना प्लॅनेरियाशी गल्लत होते. प्लॅनेरिया पृथुकृमी, चपटा, डोकं बाणाच्या टोकासारखं, काचेवर सरपटत जातो आणि कोळंबीच्या पिल्लांना त्रास देऊ शकतो. डेट्रिटस वर्म गोल दोऱ्यासारखा असतो, पाण्यात सुटला की वेडावाकडा वळवळतो. माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबत असतील तर तो कॅमेलानस नावाचा जंत, तो खरा परजीवी, त्याला औषध लागतंच.

संख्या वाढली म्हणजे खाणं जास्त पडतंय एवढाच अर्थ, औषध टाकायची घाई अजिबात करू नये, एकदम मेलेले कृमी कुजून माशांना घातक असा अमोनिया वाढतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे, दिवसातून एकदा किंवा दोनदा, मोठ्या माशांना आठवड्यात एक उपास चालतो. गोल्डफिशला पोटाची पिशवीच नसते, त्याला थोडं थोडं दिलेलं बरं. तळ्यातल्या माशांना चुरमुरे टाकायची आपली सवय, ती घरी नको, भाकरीचा चुराही नको. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की प्रत्येक पोरगं मूठभर दाणे टाकतं, तेव्हा डबा वर ठेवावा.

सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळं सफाई लांबते, गाळ साठतो, आणि पाणी आलं की लोक सगळा टँक रिकामा करून घासून काढतात, त्यात अमोनिया पचवणारे जिवाणूही जातात. त्यापेक्षा पिंपात पाणी साठवून, अँटिक्लोर (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून आठवड्याला पाव टँक बदलावा आणि जुनं पाणी काढताना खडीत सायफन (गाळ ओढून घेणारी नळी) फिरवावा. एप्रिल-मेमधे चाळिशीपार ऊन असतं, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मग हे कृमी खडीतून वर येऊन काचेवर चढतात आणि मासेही पृष्ठभागाशी तोंड मारायला लागतात, अशावेळी एअर पंप रात्रीसुद्धा चालू ठेवावा आणि त्या दिवशी दाणे टाकू नयेत.