ब्रिटनमधला क्षयरोग: एक्स-रेत न दिसणारा धोका

ब्रिटनमधली क्षयरोगाची घसरण १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबली आणि आकडे पुन्हा चढू लागले. २०११ मध्ये एकट्या इंग्लंडमध्ये आठ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, चारांतले जवळपास तीन परदेशात जन्मलेले. साहजिकच चर्चा विमानतळाभोवती फिरत राहिली.

हीथ्रो आणि गॅटविकला उतरणाऱ्यांचा छातीचा एक्स-रे काढण्याची पद्धत होती. त्यात रुग्ण फार थोडे सापडत. २०१२ मध्ये ती बंद झाली आणि तपासणी व्हिसाच्या आधी, मायदेशातच होऊ लागली. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्यांना ती लागते. मुंबई-पुण्याहून शिकायला जाणाऱ्यांना हे ठाऊकच आहे. एक्स-रेत संशयास्पद डाग दिसला, तर सलग तीन दिवस सकाळच्या थुंकीचे नमुने द्यावे लागतात. कल्चरच्या, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या, निकालाला दोन महिनेही लागतात आणि तोवर प्रमाणपत्र मिळत नाही. अनेकांची प्रवेशाची तारीख इथेच हुकते. फार आधी तपासणी करूनही चालत नाही, कारण प्रमाणपत्र सहा महिनेच ग्राह्य असतं.

फुफ्फुसाचा संसर्गजन्य क्षय प्रवासाआधी पकडायला हा निर्णय योग्यच होता. पण स्थलांतरितांमधला मोठा धोका सुप्त संसर्गाचा आहे. जंतू कधीतरी मायदेशात शरीरात शिरलेले असतात, माणूस ठणठणीत असतो, एक्स-रे स्वच्छ येतो. अशांपैकी ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो. मधुमेह, एचआयव्ही, निकामी मूत्रपिंडं, संधिवातावरची, प्रतिकारशक्ती दाबणारी काही जैविक औषधं (बायोलॉजिक्स) यांनी ही शक्यता वाढते. दक्षिण आशियाई रुग्णांमध्ये लसिकाग्रंथींचा, म्हणजे मानेत वगैरे असणाऱ्या गाठींचा, क्षय बराच आढळतो. मानेतली गाठ छातीच्या एक्स-रेत येत नाही. शिवाय बऱ्याच जणांचं निदान तिथे पोचल्यावर पाच वर्षं उलटून गेल्यावर होतं. तोवर ते प्रमाणपत्र निरुपयोगी झालेलं असतं.

ही फट बुजवायला २०१५ पासून इंग्लंडमध्ये सुप्त संसर्ग ओळखणारी रक्तचाचणी, म्हणजे इग्रा, सुरू झाली: वय १६ ते ३५, गेल्या पाच वर्षांत आलेले, लाखामागे १५० किंवा अधिक रुग्ण असलेल्या देशांतले किंवा सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले. चाचणी पॉझिटिव्ह आली तर सक्रिय क्षय नाही याची आधी खात्री करतात, कारण सक्रिय आजारावर अपुरी औषधं दिली की जंतू औषधांना दाद देईनासे होतात. मग आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन तीन महिने किंवा नुसतं आयसोनियाझिड सहा महिने. हे पाऊल बरंच आधी पडायला हवं होतं.

तिथेच जन्मलेल्यांमध्ये बेघरपणा, तुरुंगवास, दारू आणि अमली पदार्थ ही कारणं ठळक दिसतात. तिथे जुना संसर्ग जागा होण्यापेक्षा माणसामाणसांतली ताजी साखळी तोडायची असते. लंडनमधली फिरती एक्स-रे गाडी त्यासाठीच. १९५३ पासून शाळेत सरसकट टोचली जाणारी बीसीजी २००५ मध्ये थांबली. आता ती मुख्यतः ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा जास्त क्षय असलेल्या देशांत जन्मले, अशा बाळांना देतात. ही मुलं आकडेवारीत ‘तिथे जन्मलेली’ म्हणून मोजली जातात, पण संसर्गाची भीती त्यांना घरातून आणि आजोळच्या मुक्कामांतून असते.