बिघडलेला कॉम्प्युटर बाहेरून तपासण्याचा इतिहास

विंडोज सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन मध्येच गोठतं, तेव्हा आधी ठरवायचं असतं ते दोष हार्डवेअरमध्ये आहे की सॉफ्टवेअरमध्ये. हे आजारी विंडोजच्या आत बसून नीट कळत नाही. म्हणून डिस्कला हात न लावता दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बाहेरून, म्हणजे फ्लॉपी, सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून, चालवायची. तिच्यात वाय-फाय आणि आवाज सुरळीत चालला, तर कार्डं बहुधा शाबूत आहेत आणि घोळ ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा विंडोजचा आहे. तिथेही मशीन तसंच गोठलं, तर संशय रॅमवर, डिस्कवर किंवा तापणाऱ्या प्रोसेसरवर जातो.

1981 च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये हार्ड डिस्क नव्हतीच, डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवरूनच चालायची. पुढे हार्ड डिस्क आली, तरी बूट फ्लॉपी, म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशी फ्लॉपी, खणात जपून ठेवली जायची. मेमटेस्ट86 हे रॅम तपासणारं साधन तर कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट बूट होतं. त्यामागचं कारण सरळ आहे: सिस्टिम स्वतःच ज्या रॅममध्ये बसली आहे, तो भाग तिला मोकळेपणी तपासता येत नाही.

पण फ्लॉपीवर जागा जेमतेम 1.44 एमबी, मोठी सिस्टिम तिच्यात मावेना. 1995 मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ हे मानक आणलं आणि सीडीवरून बूट करण्याची सर्वमान्य पद्धत ठरली.

त्याचं सोनं केलं ते जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपर यांनी. 2000 साली आलेलं त्यांचं नॉपिक्स, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली सीडीवरून चालणारी सिस्टिम, सुमारे दोन जीबीचा ऐवज दाबून 700 एमबीच्या सीडीत बसवायचं आणि समोरचं हार्डवेअर आपणहून ओळखायचं. तोवर अनोळखी मशीनवर लिनक्स चालवायचं म्हणजे ग्राफिक्स कार्डापासून माऊसपर्यंत सगळ्याची माहिती हाताने भरावी लागे. इथे सीडी घालून थोडं थांबलं की डेस्कटॉप हजर! विंडोजची पार्टिशनं (डिस्कचे भाग) तिथे आयकॉन म्हणून दिसत आणि मुळात फक्त वाचण्यापुरती उघडत. मरू घातलेल्या डिस्कवरचे फोटो काढून घेताना ही खबरदारी किती मोलाची असते, हे ज्याने ते काम केलंय त्याला पटेल. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वात मोठा टप्पा हाच.

मायक्रोसॉफ्टकडेही विंडोज पीई ही बाहेरून चालवायची विंडोजची छोटी आवृत्ती होतीच. पुढे सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली.

2012 च्या विंडोज 8 पासून मात्र वाट अरुंद झाली. मशीन सुरू होतानाच सिस्टिमची डिजिटल सही तपासणाऱ्या सिक्युअर बूटमुळे सही नसलेली सिस्टिम सुरू होईना. विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाऊन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं. अशा पार्टिशनवर लिनक्समधून लिहायला जाणं धोक्याचं, म्हणून ते फक्त वाचण्यापुरतंच उघडतं. त्यात बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय फाइल वाचताही येत नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी हे संरक्षण हवंच, पण दुरुस्ती करणाऱ्यालाही तेच कुलूप आडवं येतं.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली, तेव्हा हे जगभर दिसलं. उपाय होता एक फाइल पुसण्याचा. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी विंडोज पीईवर चालणारं यूएसबी साधनही दिलं, पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर त्या मार्गाने जायचं तर आधी की शोधणं भाग होतं.