हातानं चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही

स्क्रिप्ट हातानं चालवली की चालते, क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) लावली की नाही: आमच्या इंदूरच्या ऑफिसात हे रडगाणं आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. लगेच कुणीतरी सल्ला देतं, "मग ॲटला लाव ना भिया, तेच तर आहे!" ॲट हीसुद्धा ठरल्या वेळी काम चालवणारी कमांड, पण तेच नाहीये.

क्रॉन तुम्हाला पाठ असेल: वेळेचे पाच रकाने, पुढे कमांड, पुन्हा पुन्हा. ॲट एकदाच चालतं आणि संपतं. इथवर कुणीच चुकत नाही.

चुकतात ते पुढे. ॲट काम नोंदवतानाच त्या क्षणाचं फोल्डर, जवळजवळ सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामना लागणारी सेटिंग्ज) आणि उमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) असं गाठोडं बांधून ठेवतं. दोन तासांनी काम सुरू होतं ते त्याच फोल्डरात, त्याच व्हेरिएबल्ससकट. क्रॉन काहीच बांधून घेत नाही. ते उठतं होम फोल्डरात, शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) साधं एसएच, आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, बहुधा 'बिन' नावाच्या दोन डिरेक्टरी, बस्स. तुम्ही प्रोफाइलमध्ये (लॉगिन करताना वाचली जाणारी फाइल) हौसेनं लावलेलं पायथन त्याच्या गावीही नसतं.

आता रिमोट सर्व्हर. स्क्रिप्टमधून एसएसएचनं (दुसऱ्या मशिनवर दुरून कमांड चालवायची सोय) ॲट लावलं की लोकांना वाटतं, आपल्या लॅपटॉपवरचं सगळं सोबत गेलं. छे! गाठोडं बांधलं जातं ते सर्व्हरवर, त्या एसएसएच सेशनचं. आणि एसएसएचला थेट कमांड दिली की तिकडे लॉगिन शेल उघडत नाही, म्हणजे प्रोफाइल फाइल वाचलीच जात नाही. ॲटनं इमानेइतबारे गाठोडं बांधलं खरं, पण मुळात घरच रिकामं होतं! म्हणून माझा हट्ट: ॲट असो की क्रॉन, कमांडचा पूर्ण पाथ (फोल्डरसकट पत्ता) लिहायचा, आणि लागतील ती व्हेरिएबल्स स्क्रिप्टनं सुरुवातीलाच स्वतः वाचून घ्यायची.

वेळ दोन्हीकडे सर्व्हरची. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असला तर 'रात्री 2'चा बॅकअप आपल्याकडे सकाळी 7:30 ला सुरू होतो, म्हणजे पोह्यांवर शेव पडत असते तेव्हा.

स्क्रिप्टमधून 'क्रॉनटॅब -' ला (क्रॉनच्या कामांची यादी भरणारी कमांड) एकच ओळ पाठवणाऱ्यांना तर हात जोडतो. ती ओळ जुन्या यादीला जोडली जात नाही, अख्खी यादी पुसून तिच्या जागी बसते. आधी 'क्रॉनटॅब -एल'नं जुनी यादी घ्या, मग तिच्यात भर घाला.

आणि एकदाच करायचं काम क्रॉनमध्ये टाकून "नंतर काढू" म्हणू नका. त्या पाच रकान्यांत वर्षाचा रकाना नाही. 14 मार्चला टाकलेलं काम पुढच्या 14 मार्चला पुन्हा हजर.