कार्नी, विल्यम हार्वी

(२९ फेब्रुवारी १८४० – ९ डिसेंबर १९०८). अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढलेला कृष्णवर्णीय सार्जंट आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च अमेरिकन लष्करी पदकाचा मानकरी. जन्म व्हर्जिनियातील नॉरफोक येथे, गुलामगिरीत. पुढे कुटुंब मॅसॅच्यूसेट्समधील न्यू बेडफर्ड बंदरात स्थायिक झाले. १८६३ मध्ये तो ५४ व्या मॅसॅच्यूसेट्स पलटणीत भरती झाला. शिपाई कृष्णवर्णीय, हुकूम देणारे गोरे, अशी ही पलटण. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १०, त्यातही कपड्यांचे ३ कापून. पलटणीने तो पगार घेतलाच नाही, लढाई मात्र टाळली नाही.

१८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदराजवळच्या मॉरिस बेटावरील फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावर दिवसभर तोफांचा भडिमार झाला. वाळूच्या त्या तटाने गोळे पचवले आणि आतली शिबंदी भुयारी आडोशात बचावली. संध्याकाळी समुद्र आणि दलदल यांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून ५४ वी पलटण सर्वांच्या पुढे धावून गेली. निशाणबरदार कोसळताच कार्नीने बंदूक टाकून निशाण उचलले. हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. धूर आणि गदारोळात आपली पलटण कुठे आहे हे शिपायाला निशाणावरूनच कळे; म्हणून शत्रूचा नेमही आधी त्यावरच असे. कार्नी तटावर चढला आणि निशाण रोवून तिथेच राहिला. माघारीत त्याला एकाहून अधिक गोळ्या लागल्या. तरी दुसऱ्या पलटणीच्या शिपायाने मागितलेले निशाण त्याने दिले नाही. आपल्या लोकांत पोचल्यावर तो एवढेच म्हणाला, की मी फक्त कर्तव्य केले, निशाण जमिनीला लागले नाही.

हल्ला फसला. पलटणीच्या सुमारे ६०० जणांपैकी २७२ मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले; पलटणीचा प्रमुख कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ तटावरच मारला गेला.

पदक मिळाले ते २३ मे १९०० रोजी, जवळजवळ ३७ वर्षांनी. कार्नीला ‘पहिला कृष्णवर्णीय मानकरी’ म्हणतात, ते पराक्रमाच्या तारखेवरून. पदक हाती पडण्याच्या क्रमाने नौदलातील रॉबर्ट ब्लेक (१८६४) त्याच्या आधीचा.

युद्धानंतर कार्नीने न्यू बेडफर्डमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ टपाल वाटले. नंतर तो बॉस्टनच्या राज्य विधानभवनात निरोप्या होता. तिथल्याच लिफ्टच्या अपघातात जखमी होऊन तो वारला. त्याने वाचवलेले निशाण याच इमारतीत जतन केले गेले.