दंड दिसला म्हणजे सर्पिल दीर्घिकाच?

कन्या समूहाच्या, म्हणजे कन्या राशीच्या दिशेच्या दीर्घिकांच्या समूहाच्या छायाचित्रातला एखादा फिकट ठिपका मोठा करून पाहावा, मधोमध ताऱ्यांचा आडवा पट्टा (दंड) आणि टोकांशी वळलेल्या पुसट भुजा दिसाव्यात, की ‘बटू दंडसर्पिल’ (दंड असलेली छोटी सर्पिल दीर्घिका) म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. घाई नको. पोटात तबकडी दडवलेली बटू लंबवर्तुळाकार दीर्घिकाही अशीच दिसू शकते.

खऱ्या बटू दंडसर्पिलचा नमुना आपल्या शेजारीच आहे: सुमारे १.६ लाख प्रकाशवर्षांवरचा मोठा मॅजेलॅनिक मेघ. दंड मध्यापासून सरकलेला, भुजा म्हणावी तर एकच. पण वायू भरपूर, आणि टॅरँटुला तेजोमेघात आजही तारे जन्मतात.

आता कन्या समूहातली, साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची आयसी ३३२८ ही बटू लंबवर्तुळाकार दीर्घिका घ्या. दिसायला गुळगुळीत, बिनखुणांची. २००० साली खगोलशास्त्रज्ञ हेल्मुट येर्येन आणि सहकाऱ्यांनी तिच्या प्रतिमेतून हा गुळगुळीत प्रकाश गणिताने वजा केला, तेव्हा मागे उरली चक्क दोन भुजांची सर्पिल नक्षी! पुढे २००६ मध्ये याच समूहातल्या ४७६ बटू लंबवर्तुळाकार दीर्घिका तपासल्या गेल्या. ४१ जणींत तबकडीच्या खुणा निघाल्या.

म्हणजे आकारावर विसंबून चालत नाही. खरा फरक वायूचा. समूहात दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूने भरलेली असते. त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बटू दीर्घिकेचा थंड वायू समोरच्या दाबाने मागे ढकलला जातो. तिचं गुरुत्व तो धरून ठेवायला तोकडं पडतं. नवे तारे थांबतात, अल्पायुषी निळे तारे संपतात, भुजा फिकटतात. दंड मात्र ताऱ्यांच्या कक्षांनीच बनलेला, त्यामुळे वायू गेला तरी तो टिकू शकतो. बटू लंबवर्तुळाकारांतल्या काही जणी पूर्वी सर्पिल असाव्यात, असं मानतात ते यामुळेच. म्हणून आधी रंग पाहावा (निळा म्हणजे तरुण तारे), मग थंड हायड्रोजन वायूतून निघणाऱ्या २१ सेंटिमीटर रेडिओलहरी सापडतात का ते.

एवढं करूनही आयसी ३४१८ पंचाईत करतेच. तीही कन्या समूहातलीच. मुख्य भागातली ताऱ्यांची निर्मिती सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी थांबलेली, पण मागे ढकलल्या गेलेल्या वायूच्या शेपटीत तरुण ताऱ्यांचे निळे पुंजके. धड या खान्यात नाही, धड त्या खान्यात नाही.