पितळ उशिरा बोलतं

वरळीच्या नेमबाजी रेंजवर झडणाऱ्या पॉइंट टू-टू (.२२) काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांकडे कुणी निरखून पाहत नाही. पाहण्यासारखं फारसं नसतंच. त्या काडतुसाला वेगळी कॅप, म्हणजे बुडात बसवलेली ठिणगी देणारी टोपी, नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. बंदुकीच्या पिनचा मार बसला की कड चेपते आणि पुंगळीचं आयुष्य संपतं. ‘दाबाच्या खुणा’, म्हणजे आतली दारू (बारूद) पेटल्यावर किती दाब चढला ते सांगणाऱ्या पुंगळीवरच्या खुणा, हा विषय निघतो तो मधोमध कॅप असलेल्या मोठ्या काडतुसांबाबत. मुंबईत तो बहुधा अशा घरांत निघतो, जिथे आजोबांच्या काळातली .३१५ किंवा .३०-०६ रायफल परवान्यासकट वारशाने आली आहे. कॅप चपटी झाली, बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा दांडा) जड उठला, बुडावर चकाकता ठसा उमटला, ही सगळी भाषा मात्र अमेरिकेतून आलेली आहे. तिथे काडतूस घरी भरण्याचा छंद जुना आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही त्या कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’च ठरतात. म्हणजे इथे या खुणांचा उपयोग एवढाच, की उडालेली पुंगळी वाचता यावी.

गंमत अशी, की दाब मोजायचं साधन आधी आलं आणि खुणा नंतर. १८६०च्या सुमारास अमेरिकी सैन्यातल्या थॉमस रॉडमनने तोफेच्या भिंतीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवला. दट्ट्याच्या टोकाची धार तांब्याच्या तुकड्यात जितकी रुतेल तितका दाब. त्याच दशकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबलने धारेऐवजी तांब्याची छोटी नळकांडी चेपायला घेतली. बंदुकांच्या दुनियेने पुढची शंभर वर्षं याच चेपलेल्या तांब्यावर काढली. मात्र तांबं सावकाश चेपतं आणि दाबाचं शिखर सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातं, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा कमी यायचा. दाब पडला की स्फटिकात वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८०मध्येच दाखवलं होतं, पण काडतूस उद्योगात स्फटिकाचे मापक रुळले ते १९६०च्या दशकापासून. .३०-०६ची कमाल मर्यादा तांब्याच्या मापात ५०,००० आणि स्फटिकाच्या मापात ६०,००० पौंड प्रति चौरस इंच अशी दोन प्रकारे छापलेली दिसते, ती यामुळेच.

ही साधनं कारखान्यात होती, घरच्या टेबलावर नव्हती. काळ्या दारूच्या जमान्यात त्याने फारसं अडलं नाही. पुंगळी तोंडोतोंड भरली तरी बहुतेकदा निभावायचं. १८८४मध्ये पॉल व्हिएलने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू बनवली आणि हिशेब बदलला. तेवढ्याच मापात कितीतरी जास्त ताकद आली, आणि चिमूटभर जादा पडलं तर दाब पटीने चढू लागला. ज्याच्याकडे मापक नव्हतं तो पुंगळीलाच साक्षीला बोलावू लागला.

पण साक्षीदार कच्चा. कॅपची कड गोल राहिली की सपाट झाली, हे दाबाइतकंच कॅपच्या धातूवर ठरतं, आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. पिनच्या खुणेभोवती उमटलेला कंगोरा कधी कधी एवढंच सांगतो की बोल्टमधलं पिनचं भोक सैल आहे. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीतल्या जागेत, काडतूस आगेमागे हलायला जागा जास्त असेल तर कमी दाबातही कॅप चपटी होते: आधी ती मागे सरकते, मग मागे येणारं पुंगळीचं बूड तिच्यावर आदळतं. बोल्ट जड उठणं, बुडावर पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरचा ठसा, कॅपचं घर सैल होणं या जास्त भरवशाच्या खुणा, कारण त्या पितळ स्वतः वाकल्याच्या आहेत.

आणि खरी मेख तिथेच आहे. पुंगळीच्या बुडाचं पितळ हटतं ते आधुनिक रायफलच्या मर्यादेच्याही वर गेल्यावर. जुन्या .४५-७० काडतुसाची मर्यादा आहे २८,००० पौंड. पितळ तेच, कॅप तीच. पण पितळाने तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी त्या काळच्या बंदुकीचं चेंबर बंद ठेवणारं कुलूप तुटू शकतं. पुंगळी स्वच्छ दिसते म्हणून जुनी रायफल सुरक्षित, हा समज म्हणूनच मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो.

त्यात आपलं हवामान. दाबाची प्रमाण चाचणी सुमारे २१ अंश सेल्सिअसला होते. मुंबईच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय तापमान असतं, ते आपण जाणतोच. कॉर्डाइट दारू उष्णतेने बिथरते हे इंग्रजांना ठाऊक होतं. भारतासाठीच्या शिकारी काडतुसांत ते मुद्दाम कमी कॉर्डाइट घालत.

एक खूण मात्र खास आपल्या मातीतली, आणि तिचा दाबाशी काही संबंध नाही. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत, आणि न उडवताच त्यांच्या पुंगळ्यांना चिरा पडत. १९२१च्या सुमारास इंग्लंडमधल्या धातुशास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळावर बसायचा, आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत जो ताण अडकून राहिला होता तिथे तडा जायचा. ठोकून कडक झालेलं भांडं पुन्हा आचेवर धरावं लागतं, हे तांबट जाणतातच. कारखान्यांचा उपायही त्याच जातीचा निघाला: घडवून झाल्यावर पुंगळी मंद आचेवर तापवून आतला ताण काढायचा. जुन्या काडतुसाच्या गळ्याशी चीर दिसली की आजही पहिला संशय जादा दारूवर जातो. तबेला कुणाला आठवत नाही.