टीव्हीचे पैसे कोणाला द्यायचे? अँटेनापासून वायफायपर्यंत

मोबाइलवर सगळं दिसतं, मग टीव्ही हवा कशाला, हा वाद घरोघरी निघतो तो बहुधा रिचार्ज संपल्यावर. भिंतीवरच्या सेटने कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं. खुपतात ते दर महिन्याला जाणारे पैसे. आणि ते कोणाला द्यायचे, हे गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदललं आहे.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. महाराष्ट्रात टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई केंद्राबरोबर. पुढच्याच वर्षी सिंहगडावर मुंबईचे कार्यक्रम पुढे पोचवणारं सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेना गडाकडे तोंड करून उभे राहिले. त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. मग एक जण गच्चीवर अँटेना फिरवणार, दुसरा जिन्यातून निरोप पोचवणार, तिसरा टीव्हीपुढे बसून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडणार. कार्यक्रम फुकट होते, पण सेट बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात वर्षाला ५० रुपये भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. रेडिओचा परवाना १५ रुपयांचा. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्र आलं, दूरदर्शनला जाहिरातींचं उत्पन्न भरपूर मिळू लागलं आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला परवाना रद्द झाला. ‘टीव्ही म्हणजे फुकट’ ही समजूत तेव्हाची. ती फार टिकली नाही.

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये केबल आली ती उपग्रह वाहिन्यांच्याही आधी. एका घरात व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं यंत्र, लावायचा आणि तिथून वायर काढून सगळ्या मजल्यांवर सिनेमा दाखवायचा, असा तो धंदा होता. १९९१ च्या आखाती युद्धाची थेट दृश्यं लोकांनी पाहिली, त्याच वर्षी स्टार आली, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. व्हीसीआरवाल्याने गच्चीवर उपग्रहाची छत्री (डिश) बसवली आणि तो केबलवाला झाला. केबलचा कायदा आला १९९५ साली, तोवर गल्ल्या वाटून झाल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे न्यायला येणाऱ्या या माणसाकडे गणपती विसर्जनही दिसे आणि कालच लागलेला सिनेमाही. तो सिनेमा कुठून यायचा, हे कोणी विचारत नसे. १९९९ ला अल्फा मराठी आली, २००० ला ईटीव्ही मराठी, आणि संध्याकाळचा स्वयंपाक मालिकांच्या वेळा बघून होऊ लागला.

केबलवाल्याची सद्दी मोडली ती सेट-टॉप बॉक्सने. मुंबईत तो २०१२ च्या अखेरीस सक्तीचा झाला. पुणे, नागपूर, नाशिकमध्ये पुढच्या वर्षी. मग २०१९ मध्ये ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने नवी दररचना आणली: १०० मोफत वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये आणि कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे. हेतू असा की बघाल तेवढ्याचेच पैसे द्या. प्रत्यक्षात अनेकांचं बिल वाढलं, आणि कुठली वाहिनी कुठल्या पॅकमध्ये हे शोधता शोधता लोक वैतागले. माझ्या मते अनेक घरांत टीव्हीचा प्रश्न खरा तेव्हा उभा राहिला. कारण हाताशी दुसरी सोय तयार होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली होती, आणि १ जीबी डेटा महिनाभर पुरवणारी माणसं तेवढा दिवसात संपवू लागली होती. मालिका आता पैसे भरणाऱ्यांना ॲपवर टीव्हीच्या आधी दिसू लागल्या. २०२३ ला आयपीएलही मोबाइलवर फुकट दाखवली गेली.

तरी फोनने टीव्हीची जागा घेतली असं सरसकट म्हणता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या, पण घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला, अशी कितीतरी घरं होती. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली ती याच कारणाने. दूरदर्शनची मोफत डिश २००४ पासून आहे. एकदा छत्री बसवली की महिन्याला काही लागत नाही. जिथे रेंज धड येत नाही किंवा रिचार्जला मोजून पैसे असतात, तिथे ‘टीव्ही कशाला’ हा प्रश्नच निघत नाही. शहरी वादात ही घरं सहसा धरलेली नसतात.

शहरात सेट कुठे गेलेला नाही. उलट तो मोठा झाला, स्मार्ट झाला आणि वायफायला जोडला गेला. गेलं ते केबलचं कनेक्शन. म्हणून कित्येक केबलवाले त्याच खांबांवरून आता फायबर ओढतात, इंटरनेटबरोबर चार-पाच ॲपचा पॅक देतात आणि वर विचारतात, ‘साहेब, चॅनल पण चालू ठेवू का?’